जॉर्ज नेपिया

न्यूझीलंड हा दक्षिण प्रशांत महासागरातील एक लहानसा देश. नकाशात तो ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयेला दिसतो. या देशात आपल्या क्रिकेटचे जे स्थान, ते रग्बी या खेळाचे आहे. गल्लीतली मुले रग्बी खेळतात, म्हातारी माणसे रग्बीच्या गोष्टी सांगतात आणि राष्ट्रीय संघ हरला तर घरोघरी जेवण गोड लागत नाही. अशा देशात शंभर वर्षांपूर्वी एकोणीस वर्षांचा एक मुलगा एका हिवाळ्यात जगप्रसिद्ध झाला. त्याचे नाव जॉर्ज नेपिया.

नेपियांचे आयुष्य समजायचे तर आधी खेळाची थोडी ओळख हवी. रग्बीचा चेंडू गोल नसतो; तो दोन्ही टोकांना निमुळता, लांबट अंड्यासारखा असतो. एका बाजूला पंधरा खेळाडू असतात. चेंडू हातात घेऊन पळता येते, पायाने मारता येतो. पण हाताने पुढे फेकता येत नाही. द्यायचा तर मागच्याला किंवा बाजूच्याला द्यायचा. चेंडू घेऊन पळणाऱ्याला कमरेला किंवा पायांना मिठी घालून खाली पाडायचे, याला टॅकल म्हणतात. प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय होतो आणि गुण मिळतात. सर्वांच्या मागे एकटा उभा असतो तो फुलबॅक. पुढचे चौदा जण चुकले तरी त्याने चुकायचे नसते, कारण त्याच्या मागे कोणीच नसते. नेपिया हे फुलबॅक होते.

आपल्या देशाला हा खेळ अगदीच परका नाही. मुंबईच्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर तो वर्षानुवर्षे खेळला जातो. इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या चषकासाठी रग्बी खेळतात, त्याचे नाव तर कलकत्ता चषक! कलकत्त्याचा एक इंग्रजी क्लब बंद पडला, तेव्हा त्याच्या शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून तो घडवला गेला.

जॉर्ज नेपिया यांचा जन्म एप्रिल १९०५ मध्ये न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, पूर्व किनाऱ्याजवळच्या नुहाका या गावी झाला. ते माओरी होते. माओरी म्हणजे युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून त्या बेटांवर राहणारे लोक. १८४० मध्ये माओरी सरदार आणि इंग्लंडची राणी यांच्यात वैतांगी येथे करार झाला. करारात जमिनीच्या रक्षणाचे वचन होते. पुढच्या साठ वर्षांत माओरींच्या बहुतेक जमिनी हातच्या गेल्या. नेपिया जन्मले तेव्हा माओरी आपल्याच देशात थोडे आणि गरीब उरले होते. मात्र रग्बीच्या मैदानावर गोरा आणि माओरी खांद्याला खांदा लावून खेळत असत. निदान न्यूझीलंडमध्ये तरी.

मुलाने ते आउटे या नामांकित माओरी विद्यालयात शिकावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलाच्या मनात दुसरेच होते. जॉर्ज गेला तो हेस्टिंग्ज शहराजवळच्या माओरी शेतकी विद्यालयात. हे विद्यालय मॉर्मन पंथाचे अमेरिकन लोक चालवीत. तेथे पुस्तकांपेक्षा त्याचे लक्ष मैदानाकडे अधिक होते, हे सांगायला नको. चेंडूला लाथ कशी मारावी की तो हवेत भिरभिरत दूर जाईल आणि समोरच्याला टॅकल कसे करावे, याचे पक्के धडे त्याने तेथेच गिरवले. १९३१ च्या मोठ्या भूकंपात या विद्यालयाच्या इमारती पडल्या आणि ते कायमचे बंद झाले. आज त्याचे नाव निघते ते मुख्यतः या एका विद्यार्थ्यामुळे.

शाळेतून बाहेर पडताच नेपिया हॉक्स बे या जिल्ह्याच्या संघात आले. त्या काळी हा संघ न्यूझीलंडमधील अतिशय बलाढ्य संघांपैकी एक होता. १९२४ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यासाठी राष्ट्रीय संघ निवडायचा होता. नेपिया तोपर्यंत मैदानावर पुढच्या जागांवर खेळत असत. निवड सामन्यांत त्यांना फुलबॅकच्या जागी उभे केले गेले आणि ती जागा जणू त्यांचीच वाट पाहत होती.

न्यूझीलंडचा संघ काळा पोशाख घालतो, म्हणून त्याला ऑल ब्लॅक्स म्हणतात. १९२४ चा संघ एकोणतीस खेळाडूंचा होता. कर्णधार होते क्लिफ पोर्टर. विमानप्रवासाचे दिवस नव्हते. बोटीने आठवडेच्या आठवडे समुद्रावर काढून संघ इंग्लंडला पोहोचला. सप्टेंबर ते जानेवारी या काळात ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्स येथे तीस सामने झाले. दर आठवड्याला दोन सामने, चिखलात, पावसात, कडाक्याच्या थंडीत. कोणाचा गुडघा सुजायचा, कोणाचा खांदा निखळायचा. खेळाडू आलटून पालटून विश्रांती घेत. विश्रांती मिळाली नाही ती एका नेपियांना. तीसच्या तीस सामन्यांत फुलबॅकच्या जागी तेच उभे होते. संघात त्या जागेसाठी त्यांच्या तोडीचा दुसरा कोणी नव्हता, हे त्याचे कारण. पण एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हाडांनी एवढा मार कसा सोसला असेल, याचे नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

प्रत्येक सामन्यापूर्वी ऑल ब्लॅक्स हाका करीत. हाका म्हणजे पाय आपटून, मांड्यांवर थापा मारून, डोळे वटारून म्हटलेले माओरी आव्हानगीत. या दौऱ्यासाठी नवा हाका रचला होता. तो करताना नेपिया पुढे असत. इंग्लंडच्या लोकांना हा प्रकार विलक्षण वाटे आणि अर्धी गर्दी तो पाहायलाच लवकर येई.

नेपियांची खरी करामत खेळ सुरू झाल्यावर दिसे. त्या काळी सात-आठ धिप्पाड खेळाडू चेंडू पायांनी ढकलत एकदम चाल करून येत. त्यांना अडवण्याचा फुलबॅकपाशी एकच उपाय असे. चेंडूवर झोप घ्यायची आणि डोक्यावरून, पाठीवरून बूट जाऊ द्यायचे. नेपिया असे पडून राहत नसत. ते वाकून धावत्या पायांमधून चेंडू उचलत, येणाऱ्या झुंडीला अंगावर घेत आणि तशातच चेंडू दूर मारून मोकळे होत. उंची बेताची, पण मांड्या आणि खांदे भक्कम. त्यांनी टॅकल केलेला माणूस पुन्हा त्यांच्या बाजूने यायला कचरत असे.

या दौऱ्यातल्या तीन सामन्यांबद्दल सांगायला हवे. पहिला न्यूपोर्टचा. वेल्समधील या गावाच्या संघाने ऑल ब्लॅक्सना जवळजवळ हरवलेच होते. १३-१० असा अवघ्या तीन गुणांनी सामना वाचला. त्यानंतर संघाने कोणालाही कमी लेखले नाही.

दुसरा वेल्स देशाचा सामना, २९ नोव्हेंबर १९२४ रोजी स्वान्सी येथे. या सामन्यामागे जुना हिशेब होता. १९०५ मध्ये न्यूझीलंडचा पहिला संघ ब्रिटनमध्ये आला, तेव्हा तो सगळ्या दौऱ्यात एकच सामना हरला होता, तो वेल्सकडून, ०-३ असा. त्या सामन्यात न्यूझीलंडच्या बॉब डीन्स यांनी ट्राय केला होता की नाही, यावर दोन्ही देश एकोणीस वर्षे भांडत होते. (अजूनही भांडतात म्हणा!) स्वान्सीत मात्र वाद घालायला जागाच उरली नाही. न्यूझीलंड १९, वेल्स ०. वेल्सच्या चाली एकामागून एक नेपियांवर येऊन थांबल्या. ज्यांचा संघ हरला ते वेल्सचे लोकच त्यांचे सर्वांत मोठे चाहते झाले. ही गोष्ट लक्षात ठेवा. ती पुढे पुन्हा येणार आहे.

तिसरा सामना इंग्लंडचा, ३ जानेवारी १९२५ रोजी लंडनच्या ट्विकनम मैदानावर. सामना सुरू होऊन काही मिनिटेच झाली होती. दांडगाई वाढली, पंचांनी ताकीद दिली आणि शेवटी न्यूझीलंडच्या सिरिल ब्राउनली यांना मैदानाबाहेर काढले. आंतरराष्ट्रीय रग्बीत असे याआधी कधीच घडले नव्हते. उरलेला जवळजवळ सगळा सामना न्यूझीलंड चौदा खेळाडूंनिशी खेळले आणि १७-११ ने जिंकले.

परतीच्या वाटेवर कॅनडात दोन सामने झाले. तेही जिंकले. बत्तीस सामने, बत्तीस विजय. ८३८ गुण केले, ११६ दिले. या संघाला लोक अजिंक्य संघ म्हणू लागले. खरे सांगायचे तर स्कॉटलंड या दौऱ्यात त्यांच्याशी खेळलाच नाही. दौरा कोणी भरवावा यावरून स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या संघटनांत रुसवाफुगवा होता. पण जो मैदानात उतरलाच नाही, त्याला जिंकायचे तरी कसे?

नेपिया मायदेशी परतले, १९२६ मध्ये हुइंगा कोहेरे यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि पूर्व किनाऱ्यावरच्या रांगितुकिया या गावी ते दूधदुभत्याची शेती करू लागले.

मग १९२८ साल आले. ऑल ब्लॅक्सना दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर जायचे होते. दक्षिण आफ्रिका हा तेव्हा रग्बीतला सर्वांत कडवा प्रतिस्पर्धी. न्यूझीलंडमध्ये नेपियांपेक्षा चांगला फुलबॅक नाही, हे शाळकरी पोरालाही ठाऊक होते. तरी संघाच्या यादीत त्यांचे नाव नव्हते. जिमी मिल हे अजिंक्य संघातले दुसरे उत्तम माओरी खेळाडू. त्यांचेही नाव नव्हते. दुखापत नव्हती, बेशिस्त नव्हती, खेळ उतरला नव्हता. ते माओरी होते, एवढेच. दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या राज्यकर्त्यांना गोऱ्या संघासमोर सावळ्या कातडीचा खेळाडू नको होता आणि न्यूझीलंडच्या रग्बी संघटनेने मुकाट्याने मान तुकवली.

दोष दोघांचाही आहे, पण मला दुसऱ्याचा दोष मोठा वाटतो. शेजाऱ्याने आपल्या भावाला दारात उभे करायचे नाकारले, तर आपण भावाला घरी ठेवून एकटेच मेजवानीला जावे काय? ऑल ब्लॅक्स गेले. चार सामन्यांची मालिका २-२ अशी बरोबरीत सुटली. नेपिया असते तर काय झाले असते, हा प्रश्न त्या देशात पुढे पिढ्यान्पिढ्या विचारला गेला. ते त्या वेळी तेवीस वर्षांचे होते. खेळाडूच्या आयुष्यात ती वर्षे पुन्हा येत नाहीत.

१९३० मध्ये ब्रिटनचा संघ न्यूझीलंडला आला. चारही कसोटी सामन्यांत नेपिया खेळले. पहिला सामना पाहुण्यांनी जिंकला आणि पुढचे तिन्ही न्यूझीलंडने. काळ्या पोशाखातला त्यांचा खेळ येथेच संपला. एकूण ४६ सामने, त्यांपैकी ९ कसोट्या. वय फक्त पंचवीस.

याच सुमारास जगभर मंदीची लाट आली. दुधालोण्याचे भाव कोसळले. न्यूझीलंडचा छोटा शेतकरी कर्जात बुडाला आणि रांगितुकियाचे नेपियाही त्यातलेच एक. येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. रग्बी तेव्हा हौशी खेळ होता. उर्दूत आपण शौकिया आणि पेशावर असा फरक करतो, मराठीत हौशी आणि व्यावसायिक म्हणतात. हजारो लोक तिकीट काढून नेपियांना पाहायला आले, वर्तमानपत्रांचे खप वाढले, संघटनांच्या तिजोऱ्या भरल्या. पण खेळाडूला खेळण्याबद्दल एक पैसाही घ्यायची परवानगी नव्हती. कीर्तीने घर भरले, कोठार भरले नाही.

ज्या रग्बीत पैसे मिळत, ती वेगळी होती. तिचा जन्म १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमध्ये झाला. तेथील खेळाडू खाणीत आणि गिरणीत राबणारे मजूर होते. शनिवारी खेळायला गेले की त्यांची मजुरी बुडे. बुडालेली मजुरी तरी भरून द्या, अशी तेथल्या क्लबांची मागणी होती. लंडनच्या श्रीमंत मंडळींनी ती फेटाळली. तेव्हा उत्तरेचे वीसहून अधिक क्लब फुटून निघाले आणि पुढे त्यांचा खेळ रग्बी लीग या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यात तेरा खेळाडू असतात. जुन्या खेळाला रग्बी युनियन म्हणतात. युनियनचा जो खेळाडू लीगमध्ये जाई, त्याच्यावर जन्मभर बहिष्कार पडे. त्याला पुन्हा आपल्या गावच्या संघातही खेळता येत नसे.

१९३५ मध्ये ऑल ब्लॅक्स पुन्हा ब्रिटनच्या दौऱ्यावर निघाले. नेपियांना त्या संघात जायची फार इच्छा होती. पण त्यांची निवड झाली नाही. त्याच वर्षी लंडनच्या स्ट्रेथम अँड मिचम या नव्या लीग क्लबकडून त्यांना विचारणा झाली. देऊ केलेली रक्कम होती पाचशे पौंड. त्या काळच्या शेतकऱ्याला ती रक्कम म्हणजे कर्जातून सुटका होती. दुसऱ्या पारड्यात होता बहिष्कार. नेपियांनी पत्नी आणि मुलांना गावी ठेवले आणि ते बोटीत चढले. अकरा वर्षांपूर्वी ज्या लंडनने त्यांना डोक्यावर घेतले होते, त्याच लंडनमध्ये ते आता पोटासाठी आले.

काही लोकांनी त्यांना नावे ठेवली. पैशासाठी खेळ विकला, असे म्हणणाऱ्यांच्या घरी चूल कशी पेटत होती, हे आपल्याला माहीत नाही. नेपियांना गाता येत असे. लंडनमध्ये त्यांच्या आवाजातील एका गाण्याची ध्वनिमुद्रिकाही १९३६ मध्ये निघाली. क्लब मात्र फार काळ टिकला नाही. नेपिया उत्तरेकडच्या हॅलिफॅक्स क्लबकडे गेले. १९३७ मध्ये ते मायदेशी परतले आणि ऑकलंडमध्ये मनुकाऊ क्लबकडून लीग खेळू लागले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचा लीग संघ न्यूझीलंडला आला. नेपिया त्याच्याविरुद्ध न्यूझीलंडतर्फे खेळले. रग्बीच्या दोन्ही प्रकारांत देशाचे प्रतिनिधित्व करणारे खेळाडू थोडे. त्यांत त्यांचे नाव आले.

दुसरे महायुद्ध आले आणि गेले. युद्धानंतर रग्बी युनियनच्या संघटनेचे मन जरा मऊ झाले. १९४७ मध्ये तिने लीगमध्ये गेलेल्या खेळाडूंना माफी दिली. खरे तर माफी कोणी कोणाची मागायची, हा प्रश्नच होता. पण नेपियांनी वाद घातला नाही. बेचाळीस वर्षांच्या वयात बूट बांधले आणि ते पुन्हा आपल्या पूर्व किनाऱ्याच्या संघात खेळायला उभे राहिले.

१९५० मध्ये एक मजेदार सामना झाला. एका बाजूला पॉव्हर्टी बे हा संघ. त्याचा कर्णधार तरुण जॉर्ज नेपिया. दुसऱ्या बाजूला ऑलिंपियन्स हा संघ. त्याचा कर्णधारही जॉर्ज नेपिया! पहिला मुलगा, दुसरा बाप. वडील तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते. प्रथम दर्जाच्या सामन्यात बाप आणि मुलगा असे समोरासमोर कर्णधार म्हणून उभे राहिल्याचा प्रसंग विरळाच. दुर्दैव असे की हाच मुलगा पुढे सैन्यात गेला आणि मलायात सेवेत असताना अपघातात दगावला. ज्या बापाच्या मागे मैदानात कोणी उभे नसे, त्याला हा घाव मात्र अडवता आला नाही.

खेळणे थांबल्यावर नेपिया पंच झाले. रांगितुकियाच्या शेतावर त्यांचे दिवस जात राहिले. १९६३ मध्ये पत्रकार टेरी मॅक्लीन यांच्या साहाय्याने लिहिलेले त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. इकडे दक्षिण आफ्रिकेचा प्रश्न तसाच चिघळत होता. १९४९ मध्ये माओरींना पुन्हा वगळले. १९६० मध्ये तिसऱ्यांदा वगळायचे ठरले, तेव्हा मात्र लोक गप्प बसले नाहीत. माओरी नसतील तर दौराही नको, अशा अर्जावर दीड लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या. देशाची सगळी लोकसंख्या तेव्हा पंचवीस लाखांच्या आत होती. तरीही संघ माओरींशिवाय गेला! १९७० मध्ये पहिल्यांदा माओरी खेळाडू दक्षिण आफ्रिकेत खेळले, पण तेथील सरकारने त्यांना मानद गोरे असा शिक्का मारून आत घेतले. हा मान म्हणावा की अपमान, ते तुम्हीच ठरवा. नेपिया तेव्हा पासष्ट वर्षांचे होते.

१९८२ मध्ये न्यूझीलंडचा माओरी संघ वेल्सच्या दौऱ्यावर गेला. वृद्ध नेपियाही वेल्सला गेले. स्वान्सीचे तेच मैदान. १९२४ च्या प्रेक्षकांपैकी फार थोडे हयात होते. पण आजोबांनी नातवांना गोष्ट सांगितलेली होती. पांढऱ्या केसांचे नेपिया मैदानात आले आणि सारे मैदान उभे राहिले. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी ज्याने त्यांच्या संघाला एकही गुण करू दिला नाही, त्याच्यासाठी वेल्सचे लोक टाळ्या वाजवीत राहिले.

२७ ऑगस्ट १९८६ रोजी रुआटोरिया येथे जॉर्ज नेपिया यांचे निधन झाले. त्यानंतर नऊ वर्षांनी, ऑगस्ट १९९५ मध्ये, रग्बी युनियनने हौशीपणाचा नियम रद्द केला. तेव्हापासून ऑल ब्लॅक्सचे खेळाडू उघडपणे पगार घेऊन खेळतात. आणि मे २०१० मध्ये न्यूझीलंडच्या रग्बी संघटनेने, ज्या माओरी खेळाडूंना दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यांतून वगळले होते, त्यांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची जाहीर माफी मागितली. १९२८ च्या त्या यादीला तेव्हा ब्याऐंशी वर्षे झाली होती.